शुश्रूषेला बाई ठेवताना ब्युरोची मान्यता का पाहावी?

घरातले म्हातारे माणूस अंथरुणाला खिळले, तरी पूर्वी गावात माणसांची वाण पडत नसे. सुना असत, लेकी चार-आठ दिवस येऊन राहत, शेजारची एखादी जाणती बाई रात्री उशाशी बसायला येई. आता घरोघरची मुले नोकरीधंद्यासाठी शहरात गेली आहेत. सुनाही कामावर जातात. आणि दुखणे मोठे असेल, म्हणजे खुब्याचे हाड मोडले किंवा अर्धांगवायूचा झटका आला, तर उपचारही शहरातच करावे लागतात. मग आजारी आईवडिलांचा मुक्काम मुलाच्या शहरातल्या खोलीवर पडतो.

मुंबईच्या उत्तरेला, वसईच्या खाडीच्या अलीकडे वसलेले मीरा-भाईंदर हे अशा मुक्कामाचे एक मोठे ठिकाण झाले आहे. राई, मुर्धे, मोर्वे ही भातशेतीची आणि मिठागरांची गावे, उत्तन-चौक ही कोळ्यांची गावे, असा हा मूळचा मुलूख. १९८५ साली येथे नगरपरिषद झाली आणि २००२ साली महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेत सव्वापाच लाखांच्या आत असलेली वस्ती २०११ मध्ये आठ लाख नऊ हजारांवर गेली. मुंबईत जागा परवडत नाही म्हणून कोकणातली, घाटावरची कितीतरी कुटुंबे मीरा रोड आणि भाईंदर या दोन स्टेशनांच्या आसपास राहायला आली. गावाकडचे आईवडील दुखण्याच्या निमित्ताने त्यांच्याकडेच येतात.

दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर सांगतात, "महिना-दोन महिने माणूस ठेवावा लागेल." मुलगा आणि सून दोघेही सकाळची लोकल पकडणारी. मग शोध सुरू होतो तो ब्युरोचा. दवाखान्याच्या दाराशीच कोणी तरी हातावर कार्ड ठेवते. त्यावर छापलेले असते : पेशंट केअर, आया, वॉर्डबॉय, ट्रेन्ड नर्स, बारा तास व चोवीस तास ड्युटी, गव्हर्नमेंट रजिस्टर्ड. एक फोन केला की संध्याकाळी बाई पिशवी घेऊन दारात हजर. घाईत असलेल्या कुटुंबाला हायसे वाटते. ते स्वाभाविकच आहे.

पण कार्डावरचे ते "रजिस्टर्ड" नक्की काय आहे, हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे पडलेली नाही. शेतकरी कुटुंबांना हा प्रश्न समजावून सांगणे मात्र सोपे आहे, कारण बियाण्याच्या बाबतीत हाच धडा आपण पूर्वीच शिकलो आहोत.

बियाण्याच्या पिशवीला निळी खूणचिठ्ठी असली की ते प्रमाणित बियाणे, हे शाळकरी पोरगाही सांगेल. ही चिठ्ठी विकणाऱ्याने लावलेली नसते. अकोल्याला मुख्यालय असलेली राज्याची बीज प्रमाणीकरण यंत्रणा बीजोत्पादकाच्या शेतावर माणूस पाठवते. विलगीकरणाचे अंतर राखले आहे का, भेसळीची झाडे उपटली आहेत का, हे तो उभ्या पिकात पाहतो. मग प्रयोगशाळेत उगवण तपासतात. सोयाबीनची ७० टक्के आणि भाताची ८० टक्के उगवण भरली नाही तर चिठ्ठी मिळत नाही. मिळाली तरी ती कायमची नसते. तपासणीच्या तारखेपासून नऊ महिने तिची मुदत, पुढे पुन्हा तपासणी. दुसरे असते ते सत्यप्रत बियाणे. तेही कायद्याने विकता येते आणि पुष्कळदा उत्तमही निघते, परंतु त्याच्या लेबलावर जे लिहिले आहे त्याची ग्वाही विकणाराच देत असतो. बाहेरच्या कोणी शेतात येऊन पाहिलेले नसते. एवढा फरक लक्षात ठेवला की शुश्रूषा-ब्युरोच्या भिंतीवरची सगळी प्रमाणपत्रे वाचता येतात.

पहिला कागद बहुधा गुमास्त्याचा असतो. दुकाने व आस्थापना कायद्याखालची ही नोंद. या पत्त्यावर अमुक धंदा चालतो, तेथील नोकरांचे कामाचे तास, सुट्या वगैरे कायद्याप्रमाणे असाव्यात, एवढ्यापुरताच तिचा संबंध. चहाच्या हॉटेलालाही ती असते. आजाऱ्याची कूस कशी बदलावी हे ब्युरोच्या बाईला येते की नाही, याच्याशी तिचा काडीचाही संबंध नाही. दुसरा कागद उद्यम नोंदणीचा. लघुउद्योगांसाठी २०२० पासून सुरू झालेली ही नोंद मालकाने स्वतः भरलेल्या माहितीवर मिळते. म्हणजे पुन्हा सत्यप्रतच. "गव्हर्नमेंट रजिस्टर्ड" म्हणतात ते पुष्कळदा या दोहोंपैकी एक असते. शब्द खोटा नाही, पण ऐकणारा त्याचा जो अर्थ घेतो तो त्यात नाही.

तिसरा कागद आयएसओचा, सोनेरी किनारीचा. आयएसओ ही जागतिक संस्था स्वतः कोणालाही प्रमाणपत्र देत नाही, ती फक्त मानके ठरवते. प्रमाणपत्रे निरनिराळ्या खाजगी संस्था देतात, आणि त्यांतल्या काही संस्थांचीच कोणी तपासणी केलेली नसते. आपल्या देशात अशा संस्थांना पारखणारे एनएबीसीबी नावाचे मंडळ आहे. प्रमाणपत्र देणारी संस्था त्याने मान्य केलेली आहे का, ते पाहावे. असली तरी आयएसओ ९००१ हे मानक कारभाराच्या शिस्तीचे आहे, नळीने अन्न भरवण्याच्या कौशल्याचे नाही.

आता हे सगळे का पाहायचे? गेल्या वर्षी जुन्नर तालुक्यातल्या एका कांदा-बागायतदाराने मला जी हकिगत सांगितली, ती ऐकल्यावर मला हा लेख लिहावासा वाटला. त्याची आई पडली, खुबा मोडला. धाकटा भाऊ मीरा रोडला राहतो, म्हणून शस्त्रक्रिया तिकडेच केली. ती चांगली झाली. घरी आणल्यावर एका ब्युरोकडून बाई ठेवली. दर नर्सचा लावला होता. बाई स्वभावाने गरीब, आजीशी गोड बोलणारी. महिन्यापूर्वीपर्यंत ती एका कारखान्यात पॅकिंगचे काम करीत होती, हे मागाहून कळले. शस्त्रक्रिया झालेल्या पायाला धक्का लागेल या भीतीने तिने आजींना हलवलेच नाही. दिवसचे दिवस एकाच अंगावर, उताणे. कसे वळवायचे हे तिला कोणी शिकवलेले नव्हते. आठव्या-नवव्या दिवशी माकडहाडापाशी कातडी काळी पडली, मग फुटली. हाडाचे दुखणे बाजूला राहिले आणि त्या जखमेसाठी पुन्हा दवाखाना धरावा लागला. मधल्या बारा दिवसांत बाया तीन बदलल्या. प्रत्येक नवीन बाईला आधीचीने काय केले याचा पत्ता नाही, कारण लिहून ठेवण्याची रीतच नव्हती. भाऊ ब्युरोत भांडायला गेला. तेथल्या माणसाने शांतपणे सांगितले, "आम्ही फक्त माणूस पुरवतो. काम कसं करून घ्यायचं ते तुमच्याकडं."

तो बागायतदार मला म्हणाला, "साहेब, बियाण्याची पावती अन् चिठ्ठी मी पीक निघेपर्यंत पत्र्याच्या पेटीत ठेवतो. उगवण झाली नाही तर दाखवायला पाहिजे म्हणून. आईसाठी माणूस ठेवला, तर एक कागद मागायचं आमच्यापैकी कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही."

त्या बाईला दोष देऊन उपयोग नाही. दोष आहे तो "आम्ही फक्त माणूस पुरवतो" या वाक्यात. मान्यताप्राप्त संस्थेला हे वाक्य उच्चारता येत नाही. मान्यता, म्हणजे इंग्रजीत ज्याला अ‍ॅक्रेडिटेशन म्हणतात ती, माणूस पुरवण्याबद्दल मिळत नाही. शुश्रूषेची जबाबदारी संस्था कशी पार पाडते हे बाहेरच्या जाणकारांनी येऊन, दप्तर उघडून आणि प्रत्यक्ष आजाऱ्याच्या घरी जाऊन पाहिल्यावर ती मिळते.

हे जाणकार काय पाहतात? कामावर घेतलेल्या प्रत्येकाची प्रमाणपत्रे संस्थेने मूळ ठिकाणी विचारून खरी करून घेतली आहेत का. बाईला घरी पाठवण्यापूर्वी परिचारिकेने येऊन आजाऱ्याची पाहणी केली का, आणि त्याची शुश्रूषा कशी करायची हे लेखी ठरवले का. ठरवल्याप्रमाणे चालले आहे ना, हे पाहायला ती परिचारिका अधूनमधून येते का. कोणते औषध किती वाजता दिले याची वही आहे का. आजारी पडला, जखम झाली, चुकीची गोळी दिली गेली, तर ते दडवले जाते की नोंदले जाते. रात्री दोन वाजता श्वास अडला तर बाईने कोणाला फोन करायचा. तक्रार आली तर तिचे काय होते. हे सारे एकदा पाहून भागत नाही. मान्यता ठराविक मुदतीची असते, मध्येही तपासणी होते आणि मुदत संपली की पुन्हा पहिल्यापासून. बियाण्याच्या चिठ्ठीसारखेच.

आपल्या देशात भारतीय गुणवत्ता परिषद १९९७ साली स्थापन झाली. तिचे एनएबीएच नावाचे मंडळ रुग्णालयांना मान्यता देते. मोठ्या रुग्णालयांच्या दारावर त्याची पाटी तुम्ही पाहिली असेल. घरपोच शुश्रूषेच्या संस्थांसाठी क्वालिटी अँड अ‍ॅक्रेडिटेशन इन्स्टिट्यूट, म्हणजे क्यूएआय, या संस्थेचा स्वतंत्र मान्यता कार्यक्रम आहे. जेसीआय ही अमेरिकन संस्थाही घरच्या शुश्रूषेला मान्यता देते. ही नावे एवढ्याचसाठी सांगितली की ब्युरोवाल्याने "आम्ही मान्यताप्राप्त" म्हटले तर "कोणाची?" हा पुढचा प्रश्न विचारता यावा. उत्तर मिळाले की मुलाला किंवा नातवाला मोबाईलवर त्या मान्यता देणाऱ्या संस्थेच्याच यादीत नाव पाहायला सांगावे. ब्युरोने दाखवलेल्या फोटोवर जाऊ नये.

यादीत तीन गोष्टी पाहायच्या : पत्ता, मुदत आणि मान्यता कशासाठी आहे. तिसरी गोष्ट सर्वांत जास्त फसवते. रुग्णालयाची मान्यता त्या इमारतीत होणाऱ्या कामाची असते. रुग्णालय नामांकित आहे, त्याच्याच दारात ब्युरोचे कार्ड मिळाले, म्हणून ब्युरोही तसाच असेल असे कुटुंबे धरून चालतात. एका लॉटची चिठ्ठी दुसऱ्या लॉटच्या पिशवीला लावली तर आपण ते चालवून घेऊ का?

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ही मान्यता घेणे आपल्याकडे सक्तीचे नाही, आणि घेतलेल्या संस्था अजून थोड्याच आहेत. अमेरिकेत सरकारी मेडिकेअर योजनेतून घरच्या शुश्रूषेचे पैसे मिळतात ते ठरलेल्या कसोट्यांना उतरलेल्या संस्थांनाच. त्यामुळे तेथील संस्थांना तपासणीला तोंड द्यावेच लागते. इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन हे सरकारी मंडळ २००९ पासून घरी सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि तपासणी करते, आणि त्यांची प्रत "उत्कृष्ट"पासून "अपुरी"पर्यंत जाहीर करते. आपल्याकडे पैसे कुटुंबाच्या खिशातून जातात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत रुग्णालयातल्या उपचाराचा खर्च बसतो, घरी बाई ठेवण्याचा बसत नाही. पैसे देणारा एकेकटा, घाईतला आणि अनोळखी शहरातला असल्यावर ब्युरोला तपासणी करून घेण्याची निकड का वाटावी? ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे एक विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले होते. वृद्धांना घरी सेवा पुरवणाऱ्या संस्थांनीही नोंदणी करावी, अशी तरतूद त्यात होती. ते मंजूर झाले नाही, आणि २०२४ साली लोकसभेबरोबर त्याचीही मुदत संपली. माझ्या मते ही तरतूद पुन्हा यायला हवी. ज्येष्ठ नागरिक संघांनी आणि ग्रामसभांनीही ती मागायला हरकत नाही.

तोवर काय करायचे? मान्यताप्राप्त संस्था मिळाली आणि परवडली तर उत्तमच. ती थोडी महाग पडते, कारण देखरेखीची परिचारिका आणि प्रशिक्षण यांचा खर्च तिच्या दरात असतो. परंतु स्वस्त बाई आणि मागाहून जखमेचा खर्च, असा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. मिळाली नाही, तर तपासनीस जे विचारतो ते आपणच विचारायचे. त्याला शिक्षण लागत नाही.

पहिल्यांदा बाई कोण आहे ते ठरवा. "नर्स" हा शब्द ब्युरोत फार सैल वापरला जातो. नर्स म्हणजे दोन वर्षांचा एएनएम, तीन वर्षांचा जीएनएम किंवा चार वर्षांचा बीएस्सी नर्सिंगचा अभ्यासक्रम पुरा करून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नाव नोंदवलेली व्यक्ती. तिला नोंदणी क्रमांक असतो आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. तो कागद पाहिल्याशिवाय नर्सचा दर देऊ नका. दुसऱ्या असतात त्या सहायिका. जनरल ड्युटी असिस्टंट किंवा होम हेल्थ एड या नावाचे काही महिन्यांचे अभ्यासक्रम त्यांच्यासाठी आहेत. अंघोळ, कपडे, कूस बदलणे, भरवणे, चालवणे ही कामे त्या नीट करू शकतात, आणि बहुतेक घरांना तेवढीच मदत लागते. तिसऱ्या, काहीच न शिकलेल्या मावशी. माया भरपूर असते, पण इंजेक्शन, सलाईन आणि घशातली नळी यांना त्यांचा हात लागू देऊ नये.

मग कामाचे दोन-चार साधे प्रश्न बाईलाच विचारा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस किती वेळाने बदलायची? दर दोन तासांनी, असे तिने न अडखळता सांगितले पाहिजे. टाचा आणि माकडहाड रोज पाहायचे, हे तिने आपण होऊन सांगितले तर बाई शिकलेली आहे असे खुशाल समजा. नाकातल्या नळीने भरवताना डोके कसे ठेवायचे? उंच, आणि भरवून झाल्यावरही अर्धा तास तसेच. आडवे ठेवून भरवले तर अन्न छातीत जाण्याचा धोका असतो. लघवीची पिशवी कोठे टांगायची? कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकू न देता. यातली उत्तरे आपल्याला आधी माहीत असावीत म्हणून येथे दिली आहेत. दवाखान्यातून निघतानाच तेथल्या सिस्टरकडून आपल्या माणसापुरत्या सूचना कागदावर लिहून घ्या. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर कोणत्या कुशीवर वळवायचे हे प्रत्येकाचे वेगळे असते, ते डॉक्टरांनाच विचारायचे.

ब्युरोला विचारायचे ते वेगळे. बाई आली नाही तर बदली माणूस किती तासांत? देखरेखीला परिचारिका येते का, आणि तिचे नाव काय? बाईची पोलीस पडताळणी झाली आहे का? (मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय १ ऑक्टोबर २०२० पासून सुरू झाले आहे.) पैसे आगाऊ किती, बाई पसंत नसेल तर परत किती? या उत्तरांत "बघू", "होऊन जाईल" असे शब्द जास्त यायला लागले तर दुसरे दार पाहावे. आणि घरात शंभर पानी वही ठेवा. वेळ, अन्न, औषध, कूस बदलली, लघवी-शौच, एवढेच रकाने. रात्री मुलगा घरी आल्यावर ती वाचेल, आणि गावाला राहिलेल्या वडिलांना तिचा फोटो मोबाईलवर पाठवील.

आणखी एक बाजू आहे, तीही आपल्याच घरांतली. या ब्युरोंकडून कामाला जाणाऱ्या बाया आपल्याच खेड्यापाड्यांतून शहरात गेलेल्या असतात. तुमची भाची किंवा पुतणी या कामाला निघाली असेल, तर मान्यतेचा प्रश्न तिलाही लागू आहे. चांगली संस्था आधी शिकवते, नेमणुकीचे पत्र देते, चोवीस तासांच्या ड्युटीत झोपेची वेळ ठरवून देते आणि कुटुंबाने दिलेल्या पैशांतले बाईच्या हातात किती पडणार हे आधी सांगते. न शिकवता धाडलेल्या मुलीच्या हातून काही बरेवाईट झाले, तर ब्युरो हात झटकतो आणि बोल तिच्यावर येतो. बारावी झालेल्या मुलींनी ब्युरोच्या दारात उभे राहण्याआधी निदान सहायिकेचा अभ्यासक्रम पुरा करावा. जमत असेल तर एएनएम.

एवढे करूनही गडबड झाली तर वृद्धांसाठी १४५६७ ही देशभराची मोफत मदतवाहिनी आहे. ब्युरोला पैसे देऊन घेतलेली सेवा ही ग्राहक कायद्यात बसते, त्यासाठी राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५. ग्राहक आयोगाकडे तक्रार करायची तर मुदत दोन वर्षांची. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक सोय केली आहे ती गावच्या माणसाच्या मोठ्या उपयोगाची : ब्युरो मीरा रोडचा असला तरी तक्रारीसाठी ठाण्याला खेटे घालायला नकोत, तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही ती देता येते. मात्र पैसे ज्याने दिले त्याच्या नावाची, तारखेची आणि ब्युरोच्या पूर्ण पत्त्याची पावती हवी. पहिल्याच दिवशी, बाई घरात पाऊल टाकते त्याच संध्याकाळी, ती मागून घ्यावी.